हार्ड डिस्कचे स्थलांतर



आपल्यापैकी पुष्कळांचे वडील पिंपरी, चिंचवड, भोसरी अथवा चाकण येथील कारखान्यांत कामास जातात; कित्येकांचे स्वतःचे लहानसे वर्कशॉपही आहे. म्हणून गेल्या पावसाळ्यातील एक हकीकत येथे सांगून तिच्या निमित्ताने एका उपयुक्त विषयाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

इयत्ता दहावीतील आमचा एक विद्यार्थी एके दिवशी शाळा सुटल्यावर संगणकाची हार्ड डिस्क घेऊन आमच्याकडे आला. त्याच्या वडिलांचे भोसरीस लेथकामाचे वर्कशॉप आहे. वीज कमीजास्त झाल्यामुळे तेथील संगणकाचा मदरबोर्ड जळाला होता. तीन वर्षांची बिले आणि चाकणच्या एका कारखान्यास पुरवावयाच्या भागांची ड्रॉइंग्ज त्या एकाच डिस्कवर होती, आणि माल आठ दिवसांत द्यावयाचा होता. मुलाने ती डिस्क दुसऱ्या एका जुन्या संगणकात बसवून पाहिली. परंतु निळा पडदा क्षणभर चमके आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. ‘डिस्क गेली, फॉरमॅट करून टाक,’ असे एका शेजाऱ्याने सांगितले होते. “सर, ड्रॉइंग्ज गेली तर ऑर्डरही गेली, असे बाबा म्हणतात,” एवढे बोलून तो गप्प उभा राहिला.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. डिस्कवर दोन प्रकारचा ऐवज असतो. एक आपले काम, म्हणजे बिले, ड्रॉइंग्ज, छायाचित्रे. ते कोणत्याही संगणकावर नेले तरी तेच राहते. दुसरा म्हणजे संगणकाचा सर्व कारभार चालविणारी ऑपरेटिंग सिस्टिम. ही एखाद्या कारखान्यात मुरलेल्या जुन्या कामगारासारखी असते. कोणते यंत्र कोठे आहे, कोणते बटण कशाचे, हे तिला त्या कारखान्यापुरते ठाऊक असते. प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी तिच्याजवळ ‘ड्रायव्हर’ नावाचे लहान लहान प्रोग्राम असतात. आवाजाचा किंवा छपाईचा ड्रायव्हर नसला तर तो मागाहून घालता येतो. पण खुद्द डिस्क वाचण्याचाच ड्रायव्हर चालू नसेल, तर ती उंबरठ्यावरच अडते.

येथे नेमके तेच झाले होते. डिस्कवर विंडोज ७ होती. जुन्या संगणकात डिस्क जोडण्याची पद्धत ‘आयडीई’ होती, दुसऱ्यात ‘एएचसीआय’. पहिल्या पद्धतीवर बसविलेली विंडोज ७ दुसरीचा ड्रायव्हर बंद ठेवते. निळ्या पडद्यावरील खुणेच्या शेवटी ‘७बी’ ही अक्षरे होती. त्यांचा अर्थ ‘सुरू होण्याची डिस्क हाती लागत नाही’ असा आहे. ‘डिस्क नष्ट झाली’ असा नव्हे.

आम्ही प्रथम ती डिस्क यूएसबी जोडणीने शाळेच्या संगणकास लावली आणि बिले व ड्रॉइंग्ज दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून घेतली. त्यानंतरच ती दुसऱ्या संगणकात बसविली, सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘एएचसीआय’च्या जागी ‘आयडीई’ केले, आणि थोड्या वेळाने ओळखीचा पडदा उमटला. तथापि विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. म्हणून असा संगणक इंटरनेटला न जोडता अडलेले काम उरकून घ्यावे व पुढे नव्या सिस्टिमवर जावे, असे आम्ही सुचविले.

असे स्थलांतर करू इच्छिणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी तपासाव्यात. जुन्या ‘बायॉस’ पद्धतीने सुरू होणारी डिस्क केवळ ‘यूईएफआय’ जाणणाऱ्या संगणकात सुरू होत नाही. ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद केलेली डिस्क नव्या यंत्रात ४८ अंकी किल्ली मागते, ती आधीच लिहून ठेवावी. संगणकाबरोबर मिळालेला विंडोजचा परवाना बहुधा त्याच यंत्रापुरता असतो. डिस्क हलविली म्हणून हक्क हलत नाही, आणि हा प्रामाणिकपणाचाही प्रश्न आहे. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर मूळ गाभ्याबरोबरच येत असल्यामुळे तिचे स्थलांतर पुष्कळ अंशी सोपे जाते. विंडोज १० देखील विंडोज ७ पेक्षा नव्या यंत्राशी लवकर जुळवून घेते.

परंतु सर्वांत मोठा धोका ह्यांपैकी कोणताही नव्हे. तो उतावळेपणाचा आहे. डिस्क ओळखता न आल्यास संगणक कित्येकदा आपण होऊन ‘फॉरमॅट करू काय?’ असे विचारतो. भांबावलेला मनुष्य ‘होय’ म्हणतो आणि शाबूत असलेले काम स्वतःच्या हाताने गमावून बसतो. सिस्टिम पुन्हा बसविता येते, संगणक नवा आणता येतो. पण प्रत नसलेले ड्रॉइंग बाजारात विकत मिळत नाही.

तो माल वेळेवर चाकणला पोहोचला. आता दर शनिवारी तो विद्यार्थी वर्कशॉपमध्ये जाऊन आठवड्याचे काम एका वेगळ्या डिस्कवर उतरवितो, आणि ती डिस्क घरी कपाटात ठेवतो. पालकांस आमची विनंती एवढीच की, आपली दुसरी प्रत कोठे आहे, हे आज रात्री जेवणानंतर मुलांस दाखवावे. नसल्यास दोघांनी मिळून ती करावी.