हजेरी

अध्यापक विद्यालयात शिकणारी मुले-मुली म्हणजे उद्याचे शिक्षक. मोबाइल, संगणक, इंटरनेट या साधनांनी मुलांना शिकवावे का, शिकवायचे तर कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोजच उभा राहतो. एका उर्दू माध्यमाच्या अध्यापक विद्यालयात मराठीच्या तासाला याच प्रश्नावर चर्चा झाली. मराठी शिकवणाऱ्या सरांनी ती या पाठात सांगितली आहे.

शनिवारी आमच्या विद्यालयात शेवटचा तास चर्चेचा असतो. त्या दिवशीचा विषय होता 'ऑनलाइन शिक्षण : फायदे आणि तोटे'. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी निबंध लिहून तयार होऊन आले होते. मी पाच-सहा वह्या चाळल्या. बहुतेक निबंधांची सुरुवात 'आजचे युग विज्ञानाचे युग आहे' या वाक्याने झाली होती. फायदे सात आणि तोटेही सात! कुठूनतरी एकाच ठिकाणाहून उतरवलेले असावेत.

मी म्हणालो, "वह्या मिटा. आधी मला सांगा, २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा तुम्ही कितवीत होता?"

कोणी सातवीत होते, कोणी आठवीत, एक-दोघे नववीत.

"म्हणजे तुम्ही पडद्याच्या त्या बाजूला बसला होता. उद्या या बाजूला उभे राहणार आहात. त्या बाजूने काय दिसत होते, तेवढेच सांगा. फायदे-तोटे नंतर पाहू."

वर्ग थोडा वेळ गप्प राहिला. मग मालेगावचा मुलगा उठला.

"सर, आमच्या घरी एकच मोबाइल होता. अब्बा लूमवर काम करतात. सुरुवातीला लूम बंद होते, तेव्हा मोबाइल घरी असायचा. लूम सुरू झाले, तसे अब्बा मोबाइल घेऊन पाळीवर जाऊ लागले. तास सकाळी दहाला. मग मी शेजारच्या दोस्ताला सांगितले, तुझ्या मोबाइलवरून माझ्याही नावाने वर्गात शीर. तो दोन नावे लावायचा, एक मोठ्या भावाच्या मोबाइलवर आणि एक त्याच्या स्वतःच्या. वर्षाच्या शेवटी माझी हजेरी पूर्ण भरली. शाळा उघडली तेव्हा मला एकही समीकरण सोडवता येत नव्हते."

सगळे हसले. तोही हसला, पण खाली बसताना म्हणाला, "दहावीपर्यंत मला गणिताची भीती वाटत होती, सर."

मी फळ्यावर 'हजेरी' हा शब्द लिहिला. तुम्हां उर्दू बोलणाऱ्या मुलांना हा शब्द परका नाही. तुमची 'हाजिरी' आणि आमची 'हजेरी' एकच. अरबी 'हाजिर' फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इथलाच झाला. मराठी शाळेतले कागद, शाई, दौत, तक्ता हे शब्दही फारसीच्या वाटेनेच आले आहेत. हजर म्हणजे समोर असलेला. पडद्यावर नाव उजळले म्हणजे मूल समोर आहे का? जुन्या शाळेत गुरुजी हजेरी घेताना मान वर करून पाहत असत. 'हजर' म्हणणारा आवाज त्याच मुलाचा आहे ना, हे त्यांना कळे. मुलाचा चेहरा उतरलेला असेल तर तेही कळे.

आता दापोलीजवळच्या खाडीकाठच्या गावातली मुलगी बोलली. तिचे म्हणणे अगदी वेगळे होते.

"मला तर ऑनलाइन शिक्षणाने वाचवले, सर. आमच्या गावात रेंज नव्हती. डोंगरावर एका आंब्याखाली मिळायची. मी संध्याकाळी तिथे जाऊन दुसऱ्या दिवशीचे पाठ उतरवून घ्यायचे आणि घरी बसून पाहायचे. वर्गात एखादी गोष्ट समजली नाही, तर मी एकदा विचारायचे. दुसऱ्यांदा विचारायची हिंमत व्हायची नाही, मुली हसत. मोबाइलवरचा पाठ मी पाच-पाच वेळा मागे नेऊन पाहिला. मोबाइल रागावत नाही. माझे विज्ञान त्याच वर्षी सुधारले."

या मुलीचे बोलणे मला महत्त्वाचे वाटले. आपण शिक्षक मंडळी यंत्राला नावे ठेवायला फार लवकर तयार होतो. पण जे मूल वर्गात तीनदा विचारू शकत नाही, त्याच्यासाठी आपण काय केले होते?

एकाने विचारले, "सर, हे सगळे कोरोनामुळेच सुरू झाले ना?"

"नाही," मी म्हणालो. दूर राहून शिकण्याची धडपड फार जुनी आहे. १८४० साली इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलेखन शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी मजकूर लिहून पाठवत, पिटमन चुका दुरुस्त करून परत पाठवत. आपल्या राज्यात १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. १९९८ साली हैदराबादला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ स्थापन झाले. घरी राहून उर्दूतून पदवी घेण्याची सोय त्यामुळे झाली. शाळेतल्या मुलांसाठी पुण्याची 'बालचित्रवाणी' १९८४ पासून दूरदर्शनचे कार्यक्रम तयार करत असे. ती २०१७ साली बंद पडली, आणि त्याच वर्षी 'दीक्षा' हा मंच सुरू झाला. आज पाठ्यपुस्तकात छापलेला क्यूआर कोड मोबाइलने टिपला, की याच मंचावरचा पाठ उघडतो.

पण मला सर्वांत जास्त सांगावेसे वाटते ते 'साइट' या प्रयोगाबद्दल. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेचा एक उपग्रह भारताला वापरायला मिळाला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन संच बसवले गेले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या मोठ्या छत्र्या उभारून आकाशातले संदेश पकडले जात. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. सुट्टीच्या दिवसांत याच संचांवरून प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण दिले गेले. ५० हजारांच्या आसपास शिक्षकांनी ते घेतले. यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शिक्षकांना नुसते संचासमोर बसवले नव्हते. छापील पुस्तिका होती, रेडिओचे कार्यक्रम होते, स्वतःच्या हातांनी करायचे प्रयोग होते आणि शंका विचारायला माणूस होता. उपग्रह अमेरिकेचा, पण प्रयोगाचे साहित्य गावातले.

भिवंडीची मुलगी बराच वेळ हात वर करून होती. तिचा अनुभव सराव पाठाचा, म्हणजे अगदी ताजा होता.

"सर, मी दुसरीच्या वर्गाला पडद्यावर उर्दू गोष्ट दाखवली. रंगीत चित्रे, मोठी अक्षरे. मी म्हटले, वाचा. कोणी वाचेना. जी मुलगी पुस्तक भराभर वाचते, तीही अडली. मला वाटले, मुले घाबरली. मग ध्यानात आले, की अक्षरे नस्ख होती."

मराठी मित्रांना हे समजावून सांगावे लागते, तुम्हांला नाही. आपली उर्दू पाठ्यपुस्तके नस्तालीकमध्ये छापतात. त्या लिपीत शब्द वरून खाली उतरत येतो आणि एकच अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते. नस्ख सरळ ओळीत चालते. यंत्राला नस्ख सोपी आणि नस्तालीक अवघड. म्हणून तर कितीतरी वर्षे उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातची असत. कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड्या हाताने लिहून काढल्या. त्यांवरून 'नूरी नस्तालीक' तयार झाली आणि १९८१ साली लाहोरचे 'जंग' संगणकावर जुळवले जाऊ लागले. १९९४ साली दिल्लीत 'इनपेज' तयार झाले, तेव्हा आपल्याकडच्या छापखान्यांचेही काम सोपे झाले. आता मोबाइलवरही नस्तालीक दिसू शकते. तरी पडद्यावर उर्दू उघडली, की पुष्कळदा नस्खच समोर येते. मोठ्या माणसाला फरक पडत नाही, पण सात वर्षांच्या मुलाला ती दुसरीच लिपी वाटते.

"मग तू काय केलेस?"

"पडद्यावर फक्त चित्रे ठेवली. गोष्ट खडूने फळ्यावर लिहिली. सगळ्यांनी वाचली."

आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांची आठवण मला इथे झाली. क्यूआर कोडच्या पुस्तकांसाठी ते जगभर ओळखले जातात. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिला. लोकांना कोड आठवतो. पण त्या गावातल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, आणि डिसले गुरुजींनी पुस्तकातला मजकूर मुलांना समजेल अशा भाषेत नेला, हे फारसे कोणी सांगत नाही. भिवंडीच्या या मुलीने खडूने केले ते याहून फार निराळे नव्हते.

तास संपायला दहा मिनिटे होती. शेवटच्या बाकावर परभणीची एक मुलगी बसते. ती सहसा बोलत नाही. त्या दिवशी ती उभी राहिली.

"सर, माझे नाव पडद्यावर कधी आलेच नाही. भाऊ दहावीला होता. मोबाइल त्याला दिला. मी आठवीत होते. घरात ठरले, की मुलीला इतके शिक्षण पुरे. मी शाळेचा दप्तर कपाटावर ठेवून दिला."

मी तिला थांबवले नाही. 'दप्तर' मराठीत नपुंसकलिंगी आहे, हे तिला नंतर सांगता आले असते.

"आमच्या वर्गशिक्षिकांनी दोन याद्या केल्या होत्या. एक, पडद्यावर दिसणाऱ्यांची. दुसरी, न दिसणाऱ्यांची. दुसऱ्या यादीत आम्ही अकरा जणी होतो. रोज संध्याकाळी सातनंतर त्या एकेकीच्या घरी फोन करत. अब्बांचा साधा बटणांचा फोन होता, त्यावर. पाचच मिनिटे. पुस्तकाचे पान सांगत, आणि कालचे विचारत. वही दर शुक्रवारी किराणा दुकानात ठेवायची, सोमवारी तपासून परत मिळायची. पहिल्या दिवशी अब्बा म्हणाले, मुलगी घरकामात आहे. मॅडम म्हणाल्या, मी थांबते. एक महिन्याने अब्बाच सात वाजता फोन माझ्या हातात देऊ लागले."

"अकरा जणींपैकी किती जणी दहावी झाल्या?" मालेगावच्या मुलाने विचारले.

"सात."

चार जणींचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने लहान वर्गांसाठी ऑनलाइन तासांची मर्यादा ठरवून दिली होती. पहिली ते आठवीला दिवसात दोनपेक्षा जास्त तासिका नकोत, प्रत्येक तासिका ३० ते ४५ मिनिटांची. नियम चांगलाच होता. पण या मॅडमची पाच मिनिटे कोणत्याही नियमात नव्हती.

सोमवारपासून मुलांचे सराव पाठ पुन्हा सुरू होणार होते. मी पाठ टाचणाचे कोरे कागद वाटले. त्यात 'शैक्षणिक साधने' असा एक रकाना असतो. भिवंडीच्या मुलीने त्याच्या शेजारी पट्टीने आणखी एक रेघ मारली आणि वर लिहिले, 'हे साधन कोणाकडे नाही?' तिच्या मागच्या बाकानेही तसेच केले. छापील नमुन्यात असा रकाना नाही. प्राचार्य काय म्हणतील कोण जाणे! मी हरकत घेतली नाही.

घंटा झाली, तेव्हा माझ्या लक्षात आले, की बोलण्याच्या नादात मी त्या दिवशी हजेरीच घेतली नव्हती. हजेरीपट उघडला. नावे वाचली. एक मुलगा नव्हता. गुरुवारपासून आला नव्हता.

मी 'गैरहजर' लिहिणार, तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, त्याचा नंबर द्याल?"

शब्दार्थ
पाळी - कामाची ठरलेली वेळ. लघुलेखन - बोललेले भराभर लिहून घेण्याची खुणांची लिपी. कातिब - सुंदर अक्षरात मजकूर लिहिणारा. सराव पाठ - शिक्षक होणाऱ्याने शाळेत जाऊन घेतलेला तास. पाठ टाचण - तासाला काय शिकवायचे याची लेखी आखणी. रकाना - उभ्या रेघांमधली जागा.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मालेगावच्या मुलाची हजेरी पूर्ण कशी भरली?
(आ) दुसरीच्या मुलांना पडद्यावरची गोष्ट का वाचता आली नाही?
(इ) वर्गशिक्षिकांनी कोणत्या दोन याद्या केल्या होत्या?
२. 'मोबाइल रागावत नाही' असे दापोलीजवळच्या मुलीने का म्हटले? पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. परभणीच्या मुलीच्या बोलण्यातील 'शाळेचा दप्तर ठेवून दिला' हे वाक्य शुद्ध करून लिहा.
४. 'हजर'पासून हजेरी, गैरहजर, हजेरीपट हे शब्द झाले. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी दहा शब्द शोधा.
५. तुमच्या घरातील मोठ्या भावंडाला २०२० मधील शाळेविषयी विचारा. त्याने सांगितलेला एक प्रसंग मराठीत लिहा.