प्रवाळांची पोथी आणि एका साक्षीची मर्यादा

पदव्युत्तर वर्गाला पाठचिकित्सा शिकवताना मी दरवर्षी एकनाथांपासून सुरुवात करते. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. यंदा त्याला एक उदाहरण जोडले, ते समुद्रातले. प्राणिशास्त्र विभागातील एका सहकाऱ्याशी झालेल्या गप्पांतून ते हाती आले.

कठीण प्रवाळ चुन्याचा सांगाडा रचतात आणि त्यांतून समुद्रातील प्रवाळभित्ती उभ्या राहतात. अंगठीतले तांबडे पोवळे मात्र या गटातले नव्हे. त्याचे कूळ निराळे. कठीण प्रवाळांचे वर्गीकरण दीर्घकाळ सांगाड्याच्या घडणीवरून होत आले. पण घडण सारखी म्हणून नाते जवळचे, असे ठरत नाही. अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांतील काही प्रवाळ एकाच कुळात घातले होते. २००४ साली फुकामी आणि सहकाऱ्यांनी त्यांची जनुके ताडून पाहिली, तेव्हा अटलांटिकमधले प्रवाळ एकमेकांनाच अधिक जवळचे निघाले.

अशी नाती जुळवण्यासाठी तंतुकणिकेतील, म्हणजे मायटोकाँड्रियातील, जनुकसंच वाचतात. पेशीच्या केंद्रकाबाहेर असलेली ही एक छोटी, वर्तुळाकार पोथी आहे. माणसाची १९८१ मध्ये वाचून झाली. तिच्यात १६,५६९ अक्षरे आहेत. अॅक्रोपोरा टेन्यूइस या प्रवाळाची २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात १८,३३८. प्रथिने घडवणारी १३ जनुके दोहोंत आहेत. पण वाहक आरएनएची जनुके माणसात २२, तर कठीण प्रवाळांत साधारणतः दोनच.

वाचनाची रीत आपल्याला परकी वाटणार नाही. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. त्यामुळे ऊतीच्या तुकड्यातून डीएनए काढला की त्यात शैवालाचाही येतो. हा प्रक्षिप्त मजकूर ओळखून बाजूला काढावा लागतो. मग एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे वाचायचे आणि सामायिक मजकुराच्या आधारे ते जोडत जायचे. शेवटच्या तुकड्याचे टोक पहिल्याच्या आरंभाला मिळाले की वर्तुळ पुरे होते.

प्रवाळांच्या या पोथीचा लेखनिक ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ जातीचा आहे. इतर बहुतेक प्राण्यांच्या मानाने इथे मजकूर फारच संथपणे बदलतो. म्हणून अगदी जवळच्या जाती वेगळ्या ओळखायला ती अनेकदा अपुरी पडते. दूरची कुळे ताडायला मात्र उपयोगी पडते.

तरीही ती एकच साक्ष आहे. २००६ साली मेदिना आणि सहकाऱ्यांनी अशा संपूर्ण जनुकसंचांवरून एक लक्षवेधी मत मांडले. कॉरॅलिमॉर्फ नावाच्या, सांगाडा नसलेल्या प्राण्यांचे पूर्वज कठीण प्रवाळच होते. क्रिटेशस काळात त्यांनी सांगाडा गमावला, असे ते मत. या प्राण्यांना ‘नग्न प्रवाळ’ म्हटले गेले. २०१४ मध्ये कितहारा आणि सहकाऱ्यांनी अधिक जनुकसंच घेऊन हाच प्रश्न पुन्हा तपासला. त्यांना आढळले की डीएनएची अक्षरे ताडली तर एक वंशवृक्ष मिळतो आणि त्याच अक्षरांतून बनणारी प्रथिने ताडली तर दुसरा. पोथी तीच, वाचनाची पातळी बदलली की निष्कर्ष बदलतो. २०१६ मध्ये केंद्रकातील शेकडो जनुकांची साक्ष काढली गेली. तिने कौल दिला तो असा : कठीण प्रवाळ हा एकसंध गट आहे आणि कॉरॅलिमॉर्फ त्याच्या शेजारचा, आतला नव्हे.

हे फळ्यावर लिहीत असताना मी थांबले. माझ्या प्रबंधाच्या वेळी एका आख्यानकाव्याचे एकच हस्तलिखित मला मिळाले होते. त्याच्या अखेरच्या ओव्यांवरून मी कवीच्या पंथाविषयी ठाम विधान केले. काही वर्षांनी त्याहून जुनी प्रत पाहण्यात आली; तिच्यात त्या ओव्या नव्हत्या. ही दुरुस्ती मी कुठे छापली नाही, वर्गातही कधी बोलले नाही. प्रवाळांच्या अभ्यासकांनी मात्र जुने मत उघडपणे तपासले आणि उघडपणे बदलले. मीही यंदा वर्गात सगळे सांगितले. एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, मग प्रबंधातले ते प्रकरण आम्ही वाचायचे की नाही?” मी म्हटले, “वाचा. पण दुसरी प्रत शेजारी ठेवून वाचा.” तिच्यासाठी त्या प्रकरणाला जोडायचे दुरुस्तीपत्रक आता लिहायला घेतले आहे.

अभ्यासासाठी : आपल्या संग्रहातील कोणतीही एक पोथी किंवा जुनी छापील प्रत घ्यावी आणि तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. ही साक्ष कुणाची आहे? हिच्याहून स्वतंत्र अशी दुसरी साक्ष कुठे मिळेल? आणि हीच प्रत वेगळ्या पातळीवर वाचली, अक्षरांऐवजी शब्द किंवा वृत्त ताडून पाहिले, तर निष्कर्ष टिकतो का?