सरकारचा वकील आणि त्याचं स्वतःचं मत

शिवानी : काका, आपल्या अहमदपूर तालुक्यातला ऊस कोणत्या कारखान्याला घालायचा, हे एके काळी शेतकरी नाही, सरकार ठरवायचं. त्या झोनबंदीला कोणी न्यायालयात आव्हान दिलं, की राज्याची बाजू महाधिवक्त्याने मांडायची. पण त्यालाच ती अन्यायाची वाटत असेल तर?

काका : झोनबंदीचा १९८४ चा आदेश मलाही पटणारा नाही. कारखान्याला हमखास ऊस मिळाला की गाळप आणि कर्जफेड सुरळीत चालेल, हा त्यामागचा हिशेब. पण घेणारा एकच उरला की शेतकऱ्याला भावासाठी भांडायला जागाच राहत नाही. शरद जोशींची शेतकरी संघटना झोनबंदीविरुद्ध उभी राहिली ती यामुळेच. तरी महाधिवक्त्यापुढचे प्रश्न दोन आहेत. कायदा घटनेत बसत नाही असं वाटलं, तर सरकारला तसं स्पष्ट सांगणं हे त्याचं कामच आहे, कारण अनुच्छेद १६५ प्रमाणे तो राज्याचा कायदेशीर सल्लागार. कायदा घटनेत बसतो पण धोरण वाईट आहे असं वाटलं, तर ते त्याने सरकारच्या कानावर घालावं. जाहीर सभेत बोलायचं असेल तर आधी पद सोडावं.

शिवानी : पण पद घटनेने दिलेलं आहे. तो मंत्र्यांचा नोकर थोडाच आहे?

काका : नोकर नाहीच. मात्र राज्य हा त्याचा पक्षकार आहे, आणि वकीलपत्र हाती असताना पक्षकाराच्या विरोधात बोलता येत नाही. साध्या दिवाणी दाव्यातही नाही. श्रीहरी अणे यांचं प्रकरण तर मराठवाड्यातच पेटलं. लोकनायक बापूजी अण्यांचे हे नातू, स्वतंत्र विदर्भाचे जुने पुरस्कर्ते. २०१५ मध्ये महाधिवक्ता झाले. विदर्भाबद्दलच्या वक्तव्यांवरून आधीच वाद झाला होता. मार्च २०१६ मध्ये जालन्यात त्यांनी मराठवाड्याच्याही वेगळ्या राज्याची भाषा केली, विधिमंडळात गदारोळ उठला आणि २२ मार्चला त्यांनी राजीनामा दिला.

शिवानी : मराठवाड्याचा अनुशेष खोटा होता का? आणि वेगळ्या राज्याचा निर्णय तर संसद घेते. न्यायालयात चालू असलेल्या कुठल्याच खटल्याला त्यांनी धक्का लावला नव्हता.

काका : अनुशेष खरा आहे, आणि तो कोणी जोरात मांडला तर मला आनंदच होतो. पण अनुच्छेद ३ प्रमाणे वेगळ्या राज्याचं विधेयक आणायचं असलं, की राष्ट्रपती ते त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागायला पाठवतात. त्या वेळी सरकार कायदेशीर सल्ला कोणाला विचारणार? महाधिवक्त्यालाच. राज्याची फाळणी व्हावी असं जाहीर सांगून बसलेल्या माणसाचा सल्ला कितीही प्रामाणिक असला, तरी त्यावर विश्वास कोण ठेवणार? राजीनाम्यानंतर अणे विदर्भासाठी उघडपणे लढले, आणि तो त्यांचा पूर्ण हक्क होता.

शिवानी : असं असेल तर ठाम मतांचा माणूस या पदावर येणारच नाही. होयबांचीच भरती होईल.

काका : ही भीती रास्त आहे, पण एच. एम. सीरवाई १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षं, आधी मुंबई राज्याचे आणि मग महाराष्ट्राचे, महाधिवक्ता होते, आणि त्यांना होयबा म्हणायची कोणाची छाती झाली नसती. भारतीय संविधानावरचा त्यांचा ग्रंथ पदावर असतानाच, १९६७ मध्ये आला, आणि न पटलेल्या निकालांची त्यात त्यांनी कठोर चिरफाड केली. केशवानंद भारती खटल्यात त्यांनी केरळची बाजू लढवताना संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही असं मांडलं. न्यायालयाने मात्र घटनेची मूलभूत चौकट बदलता येत नाही असं ठरवलं, आणि पुढे तोच सिद्धांत त्यांनी स्वीकारला. आणि आणीबाणीतल्या बंदी प्रत्यक्षीकरणाच्या निकालावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहून तुटून पडायचं ठरवलं, तेव्हा ते कोणत्याच सरकारचे वकील नव्हते.