पोर्तो रिको की सेंट थॉमस? कागद कोणते, खर्च किती

अमेरिकेतल्या मराठी घरांत थंडीच्या सुट्टीचा विषय निघाला की पोर्तो रिकोचं नाव हमखास येतं. हे बेट १८९८पासून अमेरिकेकडे आहे. त्यामुळे नेवार्क ते सान हुआन हा प्रवास देशांतर्गतच धरला जातो. तिथे उतरल्यावर व्हिसा कुणी बघत नाही, पासपोर्टवर शिक्काही बसत नाही. तरी घरातल्या सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. मुलगा नागरिक, सून ग्रीन कार्डवर, धाकटा भाऊ एच-१बीवर आणि आईवडील पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले, असं घर असेल तर प्रत्येकाचे कागद वेगळे लागतात.

आधी नागरिकांचं बघू. ७ मे २०२५पासून विमानतळावर साधं ड्रायव्हिंग लायसन्स पुरत नाही. कोपऱ्यात तारा छापलेलं, म्हणजे रिअल आयडी असलेलं लायसन्स लागतं. तेही नाही आणि पासपोर्टही नाही, अशा प्रवाशाला १ फेब्रुवारी २०२६पासून ओळख पडताळणीसाठी ४५ डॉलर भरावे लागतात. ही पडताळणी दहा दिवसच चालते. मुक्काम त्याहून लांबला तर परतताना पुन्हा ४५. शिवाय पैसे भरले म्हणजे आत सोडतीलच, अशी हमी नाही. चौघांच्या घरात हे पैसे वाया घालवण्यापेक्षा पासपोर्ट कार्ड काढा. चालू पासपोर्ट असलेल्या प्रौढाला ते टपालाने ३० डॉलरमध्ये मिळतं, पाकिटात मावतं आणि दहा वर्षं चालतं. पासपोर्ट पहिल्यांदाच काढत असाल तर १३० अधिक अर्ज स्वीकारण्याचे ३५, असे १६५ डॉलर होतात. घाई असेल तर आणखी ६०. मोठ्यांबरोबर निघालेल्या १८ वर्षांखालच्या मुलांकडे सुरक्षा तपासणीत ओळखपत्र मागत नाहीत.

ग्रीन कार्डवाल्यांनी मूळ कार्डच न्यावं. १८ वर्षांवरच्यांनी ते कायम जवळ बाळगावं, असा कायदाच आहे. नूतनीकरणाला ऑनलाइन ४१५ आणि कागदी अर्जाला ४६५ डॉलर पडतात. अर्जाच्या पावतीवर जुन्या कार्डाची मुदत ३६ महिने वाढते, म्हणून जुनं कार्ड आणि पावती दोन्ही बॅगेत हवीत.

एच-१बीवरच्यांनी पासपोर्ट, आय-९४ आणि आय-७९७ मंजुरीपत्र न्यावं. पासपोर्टातल्या व्हिसाची मुदत संपलेली असली तरी पोर्तो रिकोला अडत नाही, कारण तुम्ही देशाबाहेर गेलेलेच नसता. आईवडिलांचा भारतीय पासपोर्ट हीच त्यांची ओळख. त्यांना ४५ डॉलरचा प्रश्न येत नाही. आधार कार्डाचा इथे उपयोग नाही. त्यांचा आय-९४ मात्र छापून द्या आणि त्यावरची राहण्याची शेवटची तारीख नीट वाचा. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्कामाची मुदत तीच तारीख ठरवते. हा कागद सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. तशाच दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर त्यासाठी पैसे मागतात, ते देऊ नका.

खरी काळजी घ्यायची ती सेंट थॉमसला जाताना. सेंट थॉमस ज्यांत येतं ती व्हर्जिन बेटं अमेरिकेने १९१७ साली डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरला घेतली, पण सीमाशुल्काच्या हिशेबात ती आजही वेगळी आहेत. जाताना काही जाणवत नाही. परतताना सिरिल किंग विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या आधी सीमा अधिकाऱ्यांच्या खिडक्या लागतात आणि तिथे तुमचं नागरिकत्व विचारलं जातं. इथे रिअल आयडीने काम भागेलच असं नाही. एच-१बीवरच्या माणसालाही रिअल आयडी मिळतं, तेव्हा त्यावरून तुम्ही कोण ते कळतं, नागरिक आहात की नाही ते कळत नाही. नागरिकांनी पासपोर्ट किंवा पासपोर्ट कार्ड न्यावं, अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचे जन्मदाखले ठेवावेत. नागरिकत्वाचं मूळ प्रमाणपत्र समुद्रकिनाऱ्यावर फिरवू नका. हरवलं तर दुसऱ्या प्रतीला ऑनलाइनसुद्धा ५०५ डॉलर मोजावे लागतात.

सेंट थॉमसहून टोर्टोलाला जाणारी फेरी दिसेल. अंतर थोडं आहे, पण टोर्टोला ब्रिटिश प्रदेश आहे, म्हणजे सरळ परदेश. एच-१बीवरच्या माणसाचा व्हिसा संपलेला असेल तर त्या फेरीत पाऊल ठेवू नये. कॅनडा किंवा मेक्सिकोच्या छोट्या भेटीनंतर जुन्या व्हिसावर परत येण्याची जी सवलत त्याला मिळते, ती इथे लागू नाही. नव्या व्हिसासाठी अमेरिकी वकिलात गाठावी लागेल. दिवसभराच्या सहलीपायी नोकरी टांगणीला लागते, आणि हे सहल विकणारा सांगत नाही.

विमानाच्या तिकिटातही हाच धोका आहे. सान हुआनचं स्वस्त तिकीट पनामामार्गे निघालं की प्रवास परदेशाचा झाला. ग्वाम या दुसऱ्या अमेरिकी बेटाला जायचं तरी होनोलुलूमार्गेच तिकीट घ्या. टोकियो किंवा सोलमार्गे गेलात तर अमेरिकेत नव्याने प्रवेश करावा लागतो, तोही चालू व्हिसा दाखवून. अमेरिकन सामोआचं प्रवेशखातं तर पूर्ण स्वतंत्र. तिथे नागरिकालाही पासपोर्ट किंवा जन्मदाखला दाखवावा लागतो, भारतीय पासपोर्टवाल्याने आधी परवानगी काढावी लागते.

अमेरिकी पासपोर्टला साध्या अर्जाने चार ते सहा आठवडे लागतात आणि त्यात टपालाचे दिवस धरलेले नसतात. नाताळात निघायचं असेल तर अर्ज ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जायला हवा. तिकिटं त्याआधी काढणार असाल तर परत न मिळणाऱ्या दराची घेऊ नका.