सुखदुःख सांगता येणे हीही एक विद्या

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस पैनगंगा नदी विदर्भ आणि मराठवाडा यांच्यामधून वाहते. तिच्या काठच्या उमरखेड तालुक्यात कापूस, सोयाबीन, हळद व ऊस पिकविणारी गावे आहेत, तसाच अभयारण्यालगतचा, ‘बंदी भाग’ म्हणून ओळखला जाणारा वनप्रदेशही आहे. येथे दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न असतो, “घरी सगळे बरे ना?” एकट्या माणसाचे बरे असणे घराच्या आणि गावाच्या बरे असण्यावर अवलंबून असते, ही जाण त्या साध्या प्रश्नात दडलेली आहे.

आधुनिक संशोधनही याच निष्कर्षाप्रत आले आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली काही तरुणांच्या जीवनाचा अभ्यास हाती घेतला आणि तो अनेक दशके चालू ठेवला. मध्यम वयात ज्यांची नाती समाधानाची होती, त्यांचे वार्धक्य अधिक निरोगी गेले, असे त्यात आढळले. तथापि नाती आपोआप टिकत नाहीत. दुसऱ्याचे ऐकून घेणे, आपले म्हणणे मांडणे, राग आवरणे आणि वेळप्रसंगी मदत मागणे ही शिकण्याची कौशल्ये होत.

बालपण आणि तारुण्य

या शिक्षणाचा आरंभ घरात व शाळेत होतो. तालुक्यातील काही तांड्यांवरून व पाड्यांवरून आईवडील ऊसतोडीसाठी परगावी जातात आणि मुले आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा मुलाला अंकगणिताइतकीच एका विश्वासू मोठ्या माणसाची गरज असते. “आज गप्प का रे?” हा गुरुजींचा प्रश्न त्याला बोलण्याची वाट मोकळी करून देतो. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांत समानुभूती, परिणामकारक संवाद आणि ताणतणावांना तोंड देणे यांचा समावेश आहे. गटाने केलेली परसबाग, खेळ व बालसभा यांतून ती सहज अंगी बाणतात. परीक्षेतील वा नोकरीतील अपयश घरी सांगण्याचे धैर्यही अशाच मुलाला पुढे तारुण्यात लाभते.

कर्त्या वयाचे मौन

खरी कसोटी लागते ती कर्त्या वयात. शेजारच्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने १९८६ च्या मार्च महिन्यात आपली जीवनयात्रा संपविली. त्यानंतरच्या काळात या जिल्ह्याने असे अनेक आघात सोसले. पाणी, पतपुरवठा आणि शेतमालाचा भाव हे प्रश्न गोड बोलण्याने सुटणारे नाहीत, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. परंतु अडचणीतला माणूस प्रथम पारावर येणे सोडतो, मग बाजाराला जाणे टाळतो आणि अखेरीस घरातही अबोल होतो. योजना कागदावर असते, पण ती मागण्यासाठी त्याचे पाऊल उचलत नाही. मदत मागणे म्हणजे कमीपणा, ही समजूत येथे घातक ठरते.

ही कोंडी फोडता येते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमाखाली स्थानिक कार्यकर्त्यांनी मानसिक आरोग्याविषयी लोकशिक्षण व समुपदेशन केले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावातल्याच ओळखीच्या माणसाने विचारपूस केली, म्हणजे बोलणे सोपे होते.

स्त्रियांच्या बाबतीत बचतगटाने हेच कार्य केले आहे. बचतीच्या हिशेबाबरोबर तेथे आजारपण, मुलीचे शिक्षण, घरातील ताण यांविषयीही बोलणे होते.

वार्धक्य

वृद्धांना औषध व अन्न मिळाले म्हणजे कर्तव्य संपले, असे मानता येणार नाही. आपण अजून कोणाच्या उपयोगी पडतो, ही भावना त्यांना उभारी देते. बियाणे राखण्याची रीत, जुनी गाणी, रानातील वनस्पतींची ओळख यांसाठी शाळेने त्यांना महिन्यातून एकदा बोलवावे. त्यात मुलांचेही हित आहे.

आपण काय करावे

ग्रामसभेत कोण आले याची नोंद होते. कोण येईनासे झाले, याकडेही सदस्यांनी लक्ष द्यावे. अशा घरी दोघांनी जावे, उपदेश न करता ऐकावे आणि ऐकलेले चव्हाट्यावर आणू नये. कर्ज, पीकविमा वा निवृत्तिवेतनाचा प्रश्न असल्यास तलाठी किंवा ग्रामसेवकांकडे सोबत जावे. मन खचलेले दिसल्यास आशा कार्यकर्तीमार्फत आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या भिंतीवर ठळक लिहावा. कार्यालयात आलेल्या माणसाला बसण्यास सांगून त्याचे म्हणणे पुरते ऐकणे, हे अधिकाऱ्यांनाही सहज साधण्यासारखे आहे.

पेरणीच्या दिवसांत एकाच बैलाचा धनी शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी जमवून सावड करी आणि दोघांचीही शेते वेळेवर पेरली जात. मनावरचे ओझेही असेच सावडीने वाहण्याची सवय गावाला लागली, तर एकाकी पडलेल्या माणसाला वेळेवर हात मिळेल.