वाजवणं त्यांचं, बाकीचं तुझं

अगं, धाकटा तबल्याला आणि थोरली पेटीला जायला लागली हे तुझ्या बाबाकडून कळलं. वर तुझा फोन, "आत्या, मला सा कुठला आणि रे कुठला ते कळत नाही, मी काय करू?" तुला कळायची गरजच नाही. वाजवायचं पोरांनी, शिकवायचं सरांनी. मधे जो पसारा उरतो तो तुझा : वाद्य, वेळ, जागा, फी आणि घरातल्यांची तोंडं. या पसाऱ्यात जेवढं म्हणून चुकता येतं तेवढं आमच्या घरी चुकून झालंय, तेव्हा तू नव्यानं चुकायचे कष्ट घेऊ नकोस. कागद फ्रिजवर लाव, म्हणजे जावईबापूही वाचतील.

१. पहिल्याच आठवड्यात वाद्य घ्यायला धावू नकोस; आधी सरांना विचार, जमलं तर त्यांनाच बरोबर ने — दुकानात सगळेच तबले गोड बोलतात, खरं बोलायला लागतात ते घरी आल्यावर.

२. तबला कुठल्या सुराचा हवा, काळी एक की काळी चार, ते सरांकडून चिठ्ठीवर लिहून घे — लहान तोंडाचा तबला उंच सुराला लागतो, मोठ्या तोंडाचा खालच्या. नको त्या सुराला ताणला की पूड, म्हणजे वरचं कातडं, लवकर जाते.

३. डग्गा मुलाच्या हाताला लावून बघ — मनगट टेकवल्यावर बोटं आरामात शाईपलीकडे पडली पाहिजेत. "वाढत्या अंगाचा घेऊ" हा हिशेब गणवेशापुरता ठेव.

४. पेटी घेताना भाता पूर्ण भर आणि एकही पट्टी न दाबता थांबून बघ — भाता आपोआप भराभर मिटला तर हवा गळतेय, आणि मग पोरीचा सगळा रियाज भाता मारण्यातच जाईल.

५. चुलत्यांच्या माळ्यावरची जुनी पेटी फुकट मिळतेय म्हणून तशीच तिच्यापुढे ठेवू नकोस, आधी दुरुस्तीवाल्याकडून सूर लावून आण — बेसुऱ्या पेटीवर बसलेला कान सरळ करायला सरांना पेटी शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

६. पुढेमागे तिला तानपुरा किंवा सतार हवीशी वाटली तर सरळ मिरज गाठ — तिथे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं, २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ते पुढेमागे, आत्ता नको.

आता सांभाळणं. यात सासूबाईंना घे, त्यांना वस्तू जागच्या जागी लागतात.

७. तबल्याला बसायच्या आधी हात धुऊन कोरडे करायची सवय लाव, आणि चहाचा कप चार हात लांब — ओल लागली की शाईची खपली निघते, आणि खपली गेलेल्या शाईचा सूर कुणाच्या बापाला लागत नाही.

८. पावडर चिमूटभर — बोटं सरकायला तेवढी पुरते. जास्तीची पुडीवर बसून राहते आणि तुझ्या सतरंजीवरही.

९. हातोडी कपाटात वरच्या फळीवर, आणि सर परवानगी देतील तेव्हाच खाली — गजऱ्याऐवजी घाव पुडीवर बसायला एक क्षण पुरतो. आमच्याकडे म्हण होती : हातोडी ज्याच्या-त्याच्या हाती, आठ दिवसांत पुडीची माती.

१०. पावसाळ्यात तबला उतरलेला लागला तर घाबरू नकोस, आणि गॅसजवळ नेऊन शेकू तर मुळीच नकोस — दमट हवेत कातडं सैल पडतं, कोरड्या हवेत ताणतं, हा त्याचा स्वभाव आहे. आगीजवळ मात्र ते तडकतं.

११. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तबला ठेवून भाजी आणायला जाऊ नये — चढवलेली पूड त्या तापण्यात फाटते आणि नवी चढवायचा खर्च महिन्याच्या फीशी भांडतो.

१२. रियाज संपला की गवसणी, आणि गवसणीवर दप्तर, इस्त्रीचे कपडे, मांजर यांपैकी काही नाही — झाकलेलं वाद्य म्हणजे रिकामं स्टूल, असं घरातल्या प्रत्येकाला वाटतं.

१३. पेटी बंद करताना भात्याची कडी लावायला शिकव आणि उचलताना दोन्ही बाजूंच्या कड्यांना धर — भात्याला धरून उचललेली पेटी त्याच दिवशी दुरुस्तीला जाते.

१४. पेटी पुसायची ती कोरड्या कापडानं, आणि महिनाभर वाजली नाही तरी अधूनमधून उघडून हवा द्यायची — आतलं चामडं आणि कापड उंदीर-झुरळांना फार आवडतं.

इथवर पैशाचं होतं. रियाजाचं जरा सावकाश वाच.

१५. रोज वीस मिनिटं, एकाच वेळेला, एकाच जागेवर — रविवारी दोन तास बसवलंस तर सोमवारी बोटं विसरतात आणि मंगळवारी पोरगं रुसतं.

१६. ती वेळ सोसायटीत सांगून ठेव, खालच्या मजल्यावर तर स्वतः जाऊन सांग, आणि तबल्याखाली जाड सतरंजी टाक — डग्ग्याचा घुमारा भिंतीपेक्षा जमिनीतून जास्त जातो, आणि आधी सांगितलेला आवाज निम्माच वाटतो.

१७. वीस मिनिटं मोजायला मोबाइल त्याच्यासमोर ठेवू नकोस. तानपुरा किंवा लेहरा, म्हणजे तालाबरोबर फिरणारी धून, लावायचा असेल तर लावून देऊन मोबाइल पालथा घाल — नाहीतर बोटं तबल्यावर आणि डोळे क्रिकेटच्या स्कोअरवर.

१८. लेहरा सरांनी सांगितल्यावरच लाव, आणि ते सांगतील त्याच लयीत — पोरांना लय वाढवायची घाई असते. सावकाश लयीत जे लपत नाही, ते द्रुत लयीत खुशाल लपतं.

१९. "नीट वाजव" असं स्वयंपाकघरातून ओरडू नकोस — काय नीट नाही ते तुला सांगता येणार नाही, आणि त्याला ते माहीत असतं.

२०. त्यापेक्षा तू त्रिताल शीक, एका संध्याकाळचं काम आहे : १६ मात्रा, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, नवव्याला हात उलटा म्हणजे खाली — मग तू भाजी निवडत टाळी धरशील आणि तो बोल म्हणेल, त्याला सोबत आणि तुला काम.

२१. बोल तोंडानं म्हणायला लाव, रिक्षात, आंघोळीला जाताना, कुठेही — जे तोंडात बसलं नाही ते हातात येत नाही, आणि यासाठी तबला लागत नाही म्हणून सबबही उरत नाही.

२२. त्रिताल वाजताना नवव्या मात्रेनंतर डग्गा गप्प होतो का तेवढं ऐक — 'धा तीं तीं ता' म्हणताना त्याचा घुमारा बंद व्हायला हवा, आणि हे ओळखायला संगीत यावं लागत नाही, कान उघडे असले की पुरे.

२३. रूपक शिकायला लागला की मात्र तुझं ज्ञान आवर — सात मात्रांच्या त्या तालात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेला, खाली येते, आणि तू "अरे, टाळी चुकली" म्हणालीस की तो हसेल. हसू दे, त्याला एकदा तरी आईपेक्षा शहाणं होऊ दे.

२४. त्याची वही बघताना फुल्यांना फसू नकोस — भातखंडे पद्धतीत समेला × आणि खालीला ०, पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला +. सर कुठल्या पद्धतीनं लिहितात ते विचार, दोन पुस्तकं एकत्र करून घरी शिकवणी काढू नकोस.

२५. सरांच्या सांगण्याला घरी पुरवणी जोडू नकोस, आणि इंटरनेटवर दिसलेला नवा कायदा "हापण कर" म्हणून पुढे ढकलू नकोस — शिष्य एक नि गुरू दोन, मग सम दाखवणार कोण?

२६. अंगठ्या, कडं, घड्याळ काढून बसायचं आणि नखं दर रविवारी कापायची — वाढलेल्या नखानं चाटीवर बोट पडायला हवं तसं पडत नाही, आणि पुडीवर ओरखडे राहतात.

२७. पोरीला पाटावर बसवून बघ, पट्ट्या तिच्या कोपराच्या जरा खाली यायला हव्यात — खांदे वर करून वाजवलं की पंधरा मिनिटांत मान दुखते आणि ती म्हणते पेटी आवडत नाही.

२८. हाताला मुंग्या आल्या, मनगट दुखलं तर त्या दिवशी रियाज बंद आणि सरांना फोन — दुखणं दाबून वाजवलं की हात चुकीची ठेवण धरतो.

२९. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकात जायचा हट्ट होईल. जाऊ दे, पण कानात बोळे घालून — कान त्याला तबल्यालाही लागणार आहेत.

३०. धाकट्याचा तबला बघून पोरीलाही तबलाच हवा झाला तर "मुलींनी पेटी" असं कुणी म्हणायच्या आत हो म्हण — मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्रींनी तबल्यात नाव काढलं, वर तबल्याच्या घराण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला.

३१. आणि ती पेटीतच रमली असेल तर "साथीचं वाद्य" म्हणून कुणी नाक मुरडेल, त्याला गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकव — पेटीला १९४० साली रेडिओनं बाहेर काढलं आणि कित्येक वर्षं आत घेतलं नाही, तरी महाराष्ट्रातल्या घराघरांतून ती हलली नाही.

३२. दोघांची बरोबरी करू नकोस, ताटात नाही आणि वाद्यात तर नाहीच — उतरलेला सूर चढवता येतो, उतरलेलं तोंड चढत नाही.

परीक्षांचं थोडक्यात. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गाणं-वाजवणं साध्या घरातल्या पोरांनाही शाळेत शिकता यावं म्हणून. आता त्याच परंपरेतल्या मंडळाच्या परीक्षा आपण पोरांच्या छातीवर बिल्ल्यांगत लावतो, ते काही मला पटत नाही.

३३. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी वाट लांब आहे; फॉर्म भरायचा की नाही ते सरांना ठरवू दे — वर्षातून दोनदा परीक्षा असते म्हणून दोनदा बसलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

३४. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात ते खरं, पण त्यासाठी नववीत क्लास लावू नकोस — गुणांसाठी लावलेला क्लास निकालाच्या दिवशी सुटतो.

३५. फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, मागायची वेळ येऊ न देता — सर तोंडानं मागत नाहीत, आणि न मागितलेली फी शिकवणीत जाऊन बसते.

३६. सुट्टी घेणार असशील तर आधी कळव, क्लासच्या दारात उभी राहून दहा मिनिटं "कसा आहे हो आमचा?" विचारू नकोस — आत पुढचं मूल थांबलेलं असतं, विचारायचं असेल तर गुरुपौर्णिमेला पेढे नेशील तेव्हा विचार.

३७. मैफलीला ने, पण अख्खी रात्र बसवू नकोस. तबला शिकणाऱ्याला तबलजीच्या बाजूला बसव — तिथून बोटं दिसतात, समोरून फक्त झब्बा दिसतो. पुण्यातला १९५३ पासूनचा सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरात असतो, त्यातलं एक सत्र पुरे.

३८. तिकीट परवडत नसेल तर देवळातलं भजन गाठ आणि पखवाजवाल्याच्या शेजारी जागा धर — धुमेवर भिजवलेली कणीक लावताना एकदा बघितलं की पोरं घरी येऊन तुझ्या पोळ्यांकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

३९. पाहुणे आले की "वाजवून दाखव" म्हणायच्या आधी त्याला बाजूला नेऊन विचार, आणि नाही म्हणाला तर तिथेच सोड — पाहुणे तसेही चिवड्यासाठी आलेले असतात.

४०. कार्यक्रम असेल तर वाद्य अर्धा तास आधी हॉलमध्ये नेऊन ठेव, पिशवीत हातोडी, पावडर, चुंबळी आणि एक कोरडा पंचा — एसीत शिरल्यावर तबल्याचा सूर हलतो, आणि तो स्टेजवर हललेला बघण्यापेक्षा विंगेत हललेला बरा.

४१. वाजवून खाली उतरला की आधी पाणी दे, मग आइस्क्रीम, आणि चुकलेली तिहाई त्याच्या तोंडून निघेपर्यंत तू काढू नकोस — ती त्याला रात्री झोपेपर्यंत आठवत असते.

४२. मधेच "सोडायचंय" म्हणेल. लगेच हो नको, लगेच नाहीही नको, "महिनाभर थांबू, मग सरांशी बोलू" म्हण — नवा कायदा अडला की पोरांना अख्खा तबलाच नकोसा होतो.

४३. खरंच सोडलं तर तबला विकायला काढू नकोस, गवसणीत घालून कोरड्या जागी ठेव — कॉलेजात जाऊन आपणहून गवसणी काढणारी पोरं मी बघितलीत.

४४. आणि मला फोनवर "ऐक ना, कसा वाजवतो" म्हणून मोबाइल तबल्याजवळ नेऊ नकोस — डग्गा त्यात ऐकूच येत नाही, नुसती टकटक येते. रविवारी मीच येते, कांदेपोहे करून ठेव.