नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नाही

चष्म्याच्या दुकानातली मोफत तपासणी तुम्हाला एकच गोष्ट सांगते, चष्म्याचा नंबर. डोळ्याचं प्रेशर तिथे सहसा मोजत नाहीत, थेंब घालून पडदाही पाहत नाहीत. काचबिंदू आणि मधुमेहाने होणारा पडद्याचा आजार नेमके याच दोन तपासण्यांत सापडतात. दोन्ही सुरुवातीला सहसा दुखत नाहीत, दिसण्यातही फरक जाणवत नाही, आणि काचबिंदूत गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही. म्हणून पहिला खर्च या तपासणीवर करा, फ्रेम नंतर बघा.

कधी जायचं? चाळिशी ओलांडली की दर दोन वर्षांनी. आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर दरवर्षी. मोठ्या वयात मधुमेह निघाला तर निदान झाल्याबरोबर एकदा, मग दरवर्षी, नजर लख्ख असली तरी. मुलांची तपासणी शाळेत घालण्याआधी करा. एक डोळा कमजोर असेल तर मूल ते सांगत नाही, दुसऱ्या डोळ्याने काम चालवतं; आणि ‘आळशी डोळा’ सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर नीट सुधारण्याची शक्यता जास्त.

खासगी नेत्रतज्ज्ञाची फी तालुक्याच्या गावी साधारण ३०० ते ५०० रुपये, पुण्या-मुंबईत ६०० ते १,२००. फोनवरच विचारा: ‘या फीत प्रेशर आणि थेंब घालून पडद्याची तपासणी धरली आहे का?’ बऱ्याच ठिकाणी ती वेगळी लावतात. पडद्याचा ओसीटी स्कॅन १,००० ते २,५०० आणि नजरेचा घेर मोजणारी फील्ड टेस्ट ८०० ते १,५०० रुपयांपर्यंत जाते. काचबिंदूचा संशय असेल तर या दोन्ही हव्यातच, पण डॉक्टरांनी डोळा पाहण्याआधीच काउंटरवर पावती फाडत असतील तर थांबा आणि कारण विचारा. सोबत जुना चष्मा, जुने कागद, साखरेचे रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी न्या. दीड-दोन तास हाताशी ठेवा. थेंबांनी बाहुली मोठी होते, चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सोसत नाही. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

पैशांची अडचण असेल तर ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. नेत्रतज्ज्ञ कुठल्या वारी बसतात ते आधी विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा वाचेल. पुण्याचं ससून, मुंबईचं जे.जे. ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं. त्यांना ही सवलत लागू नाही, तिथे केसपेपर आणि काही तपासण्यांचे थोडे पैसे पडतात. सकाळी लवकर जा, आधार कार्ड न्या.

सगळ्यात जास्त पैसे जातात मोतीबिंदूत. तो ‘पिकेपर्यंत’ थांबायची गरज नाही. फार पिकला तर ऑपरेशन अवघड होतं आणि डोळ्याचं प्रेशरही वाढू शकतं. साध्या घडीच्या भिंगाची फेको (बारीक छेदातून होणारी) शस्त्रक्रिया खासगीत एका डोळ्याला साधारण २० ते ४५ हजार. ट्रस्टच्या रुग्णालयांत बरीच कमी. मल्टिफोकल भिंग घातलं की आकडा ६० हजारांपासून लाखाच्या पुढे जातो. त्यात चष्म्याची गरज कमी होते हे खरं, पण रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसू शकतात, आणि पडदा किंवा डोळ्याची नस आधीच खराब असेल तर ते सहसा घालू नये. ‘लेझर मोतीबिंदू’साठी वरचे पैसे मोजण्याआधी हे लक्षात घ्या: चांगल्या फेकोपेक्षा त्याने जास्त चांगली नजर मिळते, असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही.

पॅकेज लेखी घ्या. त्यात भिंगाची कंपनी आणि मॉडेल, भिंगाचा नंबर काढायची तपासणी, रक्ताच्या चाचण्या, नंतरचे थेंब आणि पुढच्या महिना-दीड महिन्याच्या फेऱ्या धरल्या आहेत का, हे एकेक करून विचारा. भिंगाच्या डबीवर स्टिकर असतात; त्यातला एक डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्याच. कुठलं भिंग बसवलं याचा तुमच्याकडचा पुरावा तोच.

विमा असेल तर बहुतेक पॉलिसींत मोतीबिंदूला दोन वर्षं थांबावं लागतं, आणि दर डोळ्याला ठरावीक रकमेची मर्यादा असते. वरची रक्कम तुमच्या खिशातून. ७० वर्षांच्या आणि त्यापुढच्या आईवडिलांचं, सरकारी मोफत उपचार योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवर निघतं, उत्पन्नाची अट नाही. पण तुम्ही निवडलेल्या रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यावर होतं का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला किंवा १४५५५ या क्रमांकावर विचारा. मोफत शिबिरात गेलात तर ऑपरेशन कुठल्या थिएटरमध्ये आणि नंतर डोळा दुखला तर कुणाकडे यायचं, हे कळल्याशिवाय नाव लिहू नका.

चष्म्यात वाचवा. नंबराच्या चष्म्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, बिलात तोच लागला का पाहा. ‘ब्लू कट’साठी ५०० ते १,५०० रुपये जास्त देऊ नका, त्याने स्क्रीनचा ताण कमी होतो असा भरवशाचा पुरावा नाही. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघणं फुकट आहे. मुलांना मात्र सहजी न फुटणारी पॉलिकार्बोनेट काच घ्या.

आता सगळ्यात महागात पडणारा शॉर्टकट. डोळा लाल झाला, मेडिकलवाल्याने तीस-चाळीस रुपयांची बाटली दिली, लाली उतरली, म्हणून पुढच्या वेळी तीच बाटली आणली. त्यात स्टेरॉइड असेल तर सतत वापरल्यावर प्रेशर चढू शकतं आणि नस मरू लागते, तेही डोळा पांढराशुभ्र दिसत असताना. डोळ्यांना खाज येणाऱ्या मुलांच्या घरात हे फार होतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांसारखं स्टेरॉइडचं नाव लिहिलंय का वाचा. असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय एक थेंबही नको. उघडलेली बाटली महिन्याभरात टाकून द्या.

काही वेळा मात्र खर्चाचा विचार करत बसू नका. अचानक विजेसारखे चमके, काळे ठिपके किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसलं, तर त्याच दिवशी पडद्याचा डॉक्टर गाठा. तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलं दाबतात आणि चुना थेट डोळ्यात उडतो. तसं झालं तर दूध, तूप काही घालू नका. जागेवरच नळाखाली डोळा उघडा धरून किमान पंधरा-वीस मिनिटं धुवा, मगच रुग्णालयाकडे निघा. आणि चुना आजच मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.